दोघांचा झोपाळा

मित्रांनो, मी एक जुना सागवानी झोपाळा आहे. गुजरातेत, नडियादला नटुभाईंच्या ओसरीत पितळी कड्यांवर मी टांगलेला असतो. मला टांगताना सुतार म्हणाला होता, "हा दोघांचा आहे हं. एकट्याने बसायचं तर मधोमध बसा, नाहीतर तिरका चालेल."

माझं सुख साधं होतं. संध्याकाळी त्यांच्या पत्नी सरोजबेन तुरीच्या शेंगा सोलत बसायच्या आणि नटुभाई पायाने रेटा द्यायचे. जोरात दिला की त्या म्हणायच्या, "अहो, शेंगा सोलतेय मी, आभाळात नेताय का?"

मग त्यांच्या मुलाची, दर्शीलची, पंक्ती नावाच्या मुलीशी सगाई झाली. ती आली की दोघं माझ्यावर बसायची. रेटा नेहमी तिचाच. "लाडोबा, पाय दुखतात का तुझे?" असं तिने म्हटलं, की तो मुद्दाम पाय आणखी वर घ्यायचा. त्यांच्या हसण्याने माझ्या कड्यासुद्धा वाजायच्या.

पुढे तो हातात फोन घेऊन एकटाच बसू लागला. फोनवरच्या व्हिडिओतला एक माणूस रोज सांगे, मुलीला लगेच उत्तर देऊ नका, झुरू द्या. आत्ताच लगाम घाला, नाहीतर उद्या डोक्यावर बसेल. त्या माणसाने पंक्तीला कधी पाहिलंही नव्हतं. पण दर्शील मान डोलवायचा.

आषाढात पंक्तीने चांगल्या नवऱ्यासाठी मुली करतात ते जयापार्वतीचं व्रत धरलं. दर्शीलसाठी ती पाच दिवस अळणी जेवली, पूजेत पेरलेल्या गव्हाच्या जवाऱ्यांना पाणी घालत राहिली. पारण्याच्या सकाळी, मीठ जिभेला लावण्याआधीच, ती प्रसाद घेऊन आली. चेहरा पार सुकला होता.

"फोन का उचलत नाहीस रे?"

"व्रत माझ्यासाठीच ना?" दर्शील म्हणाला. "मग दाखव तुझा फोन. कोणाकोणाशी बोलतेस, बघू दे."

"हे तू बोलतोयस?"

"पुरुषाने असंच बोलायचं असतं."

ती उठली. "देवीपाशी मी तुला मागितलं होतं, दर्शील. हा कोण बसलाय?"

प्रसाद माझ्या फळीवर ठेवून ती गेली. काही दिवसांत सगाई मोडली, तिला दिलेली चुंदडीची ओढणी परत आली. सरोजबेननी ती छातीशी धरली. "दीकरा, त्या फोनवाल्याने तुझ्यासाठी एक घास तरी अळणी खाल्ला का रे?"



आता दर्शील येतो आणि तिची जागा मोकळी सोडून आपल्याच बाजूला बसतो. मी तिरका चालतो. नटुभाई कड्यांना तेल घालतात. पण मित्रांनो, दोष कड्यांचा नाही.

माझं तेलपाणी राहिलं तरी चालेल. पण शेजारी जी बसली आहे, तिच्या मनातलं परक्याला विचारू नका. तिलाच विचारा. ती शेजारी आहे, तोवरच विचारता येतं.