हारूबाईची बादली

हारुए जपानहून परतली ती गाडीतलं सामानही न काढता थेट पद्मजाच्या दारात येऊन उभी राहिली. आधी कमरेत वाकली, मग हळूच विचारलं, "माझी बादली?"

पद्मजाला बादलीचं काहीच ठाऊक नव्हतं. शेजारच्या हारुएची आई वारली आणि ती तातडीने माहेरी गेली, एवढंच तिला फोनवर कळलं होतं. तो आठवडा ती स्वतः ऑफिसच्या कामासाठी जर्सी सिटीला होती. इकडे कॅरी गावातल्या घरी होते नवरा श्रीरंग आणि दिवाळीसाठी चिपळूणहून आलेल्या सासूबाई, मीनाक्षीबाई.

तिने हारुएला आत बसवलं, चहा टाकला. हारुए तुटक इंग्रजीत सांगत गेली. तिचं गाव डोंगराच्या कुशीत. तिथे तोची नावाचं उंच झाड असतं. त्याची फळं चेस्टनटसारखी दिसतात, पण कडूजहर. ती सोलायची, वाहत्या पाण्यात ठेवायची, मग लाकडाच्या राखेत मुरवायची, तेव्हा कुठे कडूपणा उतरतो. मग चिकट तांदळाबरोबर वाफवायची, उखळात कांडायची आणि तळहातावर मऊ मऊ गोळे वळायचे, पोटात गोड पुरण भरून. दर शरदात म्हातारी झाडाखाली वाकून फळं वेचायची, वाळवून लेकीला पाठवायची. यंदाचीही पाठवली होती. राखेत घातली आणि फोन आला. हारुए पोचेपर्यंत भावांनी सगळं उरकलं होतं. आईचं तोंडही दिसलं नाही.

"तिच्या हातची ती शेवटची," हारुए म्हणाली. "मला एकदा ती चव पाहिजे."

जाताना बादली तिने मीनाक्षीबाईंच्या हवाली केली होती. राख धुऊन पाणी बदलत राहा, असं खुणेने सांगितलं होतं. भाषा दोघींना एकमेकींची येत नव्हती.

पद्मजाने आत हाक मारली. मीनाक्षीबाई पदराला हात पुसत आल्या. हारुएला पाहून त्यांचा चेहरा कसा निवला. त्यांनी तिच्या गालावरून हात फिरवला.

"आली का हारूबाई? सांग गं तिला, काळजी करू नको म्हणावं. सगळं नीट पार पाडलं."

"काय पार पाडलं, आई?"

"अगं, तिच्या आईचं."

पद्मजाने हातातला कप खाली ठेवला.

मीनाक्षीबाई शांतपणे सांगत होत्या. पोर रडत दारात आली, हातात राखेने भरलेली बादली, आत पांढुरके तुकडे. काय विचारायचं त्यात? आई गेली हे तर श्रीरंगने सांगितलंच होतं. नळाकडे बोट दाखवून ती हात जोडत होती, म्हणजे पाण्यात सोडा. आपल्यात अस्थी घरात ठेवत नाहीत, म्हणून बादली गॅरेजमध्ये उंचावर टांगली. रविवारी श्रीरंगला घेऊन जॉर्डन लेकवर गेल्या. तीळ, तांदूळ, अंगणातली झेंडूची फुलं नेली. पदर डोक्यावर घेऊन सगळं पाण्यात सोडलं.

श्रीरंग जिन्यावर उभा होता. "तिच्याकडे जपानहून पार्सल आलं होतं ना, पद्मा," तो पुटपुटला. "मला वाटलं, अस्थीच असतील त्यात. कुणाला विचारणार असं? मी फक्त ड्राइव्ह केलं."

पद्मजाला वाटलं, पायांखालचं कार्पेटच कुणी ओढून घेतलं. हारुए तिच्याकडे बघत होती, सांगशील ना या नजरेने. सांगावंच लागलं.

हारुएने विचारलं, "एकही नाही?"

मग पद्मजाने सासूबाईंना सांगितलं, ती फळं होती. त्या खालीच बसल्या. करांद्याचे कडू कंद राखेत उकडून खाल्लेली ती बाई. राख आणि कडूपणाचं नातं तिला ठाऊक नव्हतं का? पण रडणारी लेक दिसली आणि बाकीचं काही दिसलंच नाही. "माझ्या आईच्या वेळी मला नदीवर येऊ दिलं नव्हतं," त्या जमिनीकडे बघत म्हणाल्या. "बायकांनी येऊ नये म्हणून. म्हटलं, हिची तरी मी पोचवते."

पद्मजाने तेही हारुएला सांगितलं. हारुए उठली. जागा दाखवा, एवढंच म्हणाली.

तळ्यावर वारा बोचरा होता. काठाच्या गवतात झेंडूची एक काळवंडलेली पाकळी अडकली होती. हारुएने बाही न सारता कोपरापर्यंत हात पाण्यात घातला आणि चाचपत राहिली. गाळ वर आला, बाकी काही नाही. मग तिने विचारलं, सोडताना काय म्हटलं होतं?

मीनाक्षीबाई संकोचल्या. मग पाण्याकडे बघत हलक्या आवाजात म्हणाल्या:

"माय निघाली दूर, पाण्याला सांगा कुणी
हळू ने रे तिला, पाय तिचे अनवाणी"

पद्मजाने अर्थ सांगितला. हारुएचा हात पाण्यातच होता. ती रडली, पण कुणाच्या खांद्यावर डोकं ठेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती बशी घेऊन आली. नुसत्या तांदळाचे पांढरेशुभ्र गोळे, तोचीशिवायचे. मीनाक्षीबाईंच्या हातावर तिने पहिला ठेवला, मग स्वतः एक खाल्ला.

"ही ती चव नाही," ती म्हणाली.

मीनाक्षीबाईंना अर्थ सांगावा लागला नाही. त्यांनी मान खाली घालून हातातला गोळा संपवला.