मागची सीट

चाळणी दिग्विजयच्या हातात होती. बनुबाईंची रव्याची, पितळी कडेची चाळणी. सकाळपासून त्यांनी फडताळ पाहिलं होतं, मांडणी पाहिली होती, देवघराशेजारचा कोनाडाही पाहिला होता, आणि ती इथं निघाली, गोठ्यात, जावयाच्या हातात. त्याने फियाटच्या तळाशी साचलेला धुरळा सुपलीने गोळा करून चाळणीत ओतला, चाळणी वर्तमानपत्रावर धरून मनगट अलगद फिरवलं, आणि वर उरलेलं बोटाने पसरून बघितलं. एक गंजका स्क्रू. जोंधळ्याचे चार दाणे. मोडक्या बांगडीची काच. स्क्रू त्याने वेगळ्या डब्यात टाकला. खालचा धुरळाही फेकला नाही. कागदाची पुडी बांधून भिंतीकडेला ठेवली. तिथे तशा सात-आठ पुड्या आधीच होत्या.

बनुबाई चहाचा पेला घेऊन दारातच उभ्या राहिल्या. चहावर साय धरली तरी त्या हलल्या नाहीत.

"मामी, आत या की. तिथंच का उभ्या?"

"चाळणी हुडकत हुते."

"आवं, सांगायचं राहिलंच. संयूनं दिली. धुऊन ठेवतो."

"आता ऱ्हाऊ द्या. त्यातनं कसला रवा चाळतीय मी." त्यांनी पेला गाडीच्या बॉनेटवर ठेवायला हात पुढं केला आणि मागं घेतला, त्यांच्या नवऱ्याला, सुभेदारांना, ते कधी चालत नसे. पेला खाली दगडावर ठेवला. "काय हुडकताय एवढं?"

दिग्विजय हसला. "काय न्हाई. हाताची सवय."

सवय खरी होती, हे बनुबाईंना माहीत होतं. जावई विट्याकडचा, गलाईवाल्याच्या घरातला. सेलमला बावीस वर्षं त्याचं सोनं गाळायचं दुकान होतं. त्या धंद्यात केर फेकत नाहीत. दुकानातलं पायपुसणं, झिजलेली केरसुणी, कामगारांच्या फाटक्या बंड्यासुद्धा जाळायच्या आणि राखेतून सोनं काढायचं. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत त्याने हे सांगितलं तेव्हा त्या पदर तोंडाला लावून हसल्या होत्या. आता हसू येत नव्हतं. कारण या गाडीत काय हरवलं होतं ते अख्ख्या गावाला ठाऊक होतं.

ते हरवलं नव्हतं, हे मात्र एकट्या बनुबाईंना ठाऊक होतं.

दुकान भावाच्या हवाली करून दिग्विजय गेल्या दिवाळीत आला, तो चार दिवसांसाठी म्हणून. बनुबाईंची लेक संयोगिता कराडच्या शाळेत शिकवायची, तिला इथूनच जवळ पडत होतं. चार दिवसांचे चार महिने झाले. मग एके दिवशी त्याने गोठ्यातली पाचट उपसली, ताडपत्री ओढली आणि अठरा वर्षं झोपलेली सुभेदारांची फियाट उजेडात आली. टायरांची माती झालेली. एका दिव्यात चिमणीचं घरटं.

"मामी, हिला चालू करतो," तो म्हणाला होता.

त्यानंतर घरात जुन्या वस्तूंचा ओघ सुरू झाला. मिरजेच्या भंगारवाल्याकडून कार्बोरेटर. कोल्हापुरात मोडीत निघालेल्या टॅक्सीचं एक दार, अर्धं काळं, अर्धं पिवळं. साताऱ्याहून एसटीने आलेला, पोत्यात शिवलेला रेडिएटर. गाडीतलं जे निघे ते खाटेवर ओळीने मांडलं जाई, आणि बनुबाई ते मनातल्या मनात मोजत. सुभेदारांचा आरसा आहे. हॉर्न आहे. स्टिअरिंगजवळचा गिअरचा दांडा कालपर्यंत होता, आज दिसत नाही.

"गिअर खाली घेतोय मामी, मधोमध. नव्या गाड्यांगत."

"आन जुना दांडा?"

"हाय की. पोत्यात हाय."

त्या पोत्यापाशी जाऊन बघून आल्या. होता.

शेजारची हरणाबाई रोज दुपारी दळण निवडायला येई, आणि निवडायची कमी, बोलायची जास्त. त्या दिवशी तिने गोठ्याकडे मान वळवून विचारलं, "बनाक्का, जावाय माती चाळतोय व्हय गं?"

"सवय हाय त्यांना."

"सवय! माझ्या मालकाला तमाखूची सवय हुती, पर त्यो दुसऱ्याच्या गाडीत न्हवता हुडकत." तिने खडा उचलून अंगणात भिरकावला. "तुजी ठुशी हुडकतोय त्यो. गलाईवाल्याच्या नाकाला वास येतोय सोन्याचा. गावली तर तुला सांगंल असं वाटतंय तुला?"

"गप बस."

"मी गप बसते. पर परवा ती पुण्याची पँटवाली मान्सं फोटू काढून गेली. गाडी इकायचा इचार दिसतोय. आन घरजावाय..."

"हरणे, तुज्या सुपातली आळी बघ आधी."

हरणाबाई सुपात बघू लागली. पण बनुबाईंच्या हातातले तांदूळ मात्र निवडल्याविना तसेच घरंगळत राहिले.

ठुशी सापडली तर तो खिशात घालील, ही त्यांची भीती नव्हती. सापडणार कुठून? त्यांची भीती वेगळी होती. हा माणूस इतकं बारीक चाळणारा, की सगळी गाडी चाळून झाल्यावर एक दिवस चहा पिता पिता म्हणेल, मामी, ठुशी ह्या गाडीत पडलीच नव्हती. आणि संयू, त्या दिवशी तेरा वर्षांची, मागच्या सीटवर बसलेली संयू, मान वर करून आईकडे बघेल.

त्र्याण्णव साल. दसऱ्यानंतरच्या आठवड्यात तिघं सांगलीला गेली होती. सुभेदार लेकीला घेऊन टायर बदलायला गेले आणि बनुबाई लुगडं बघते म्हणून सराफकट्ट्यावर गेल्या. आटपाडीकडचा त्यांचा भाऊ गुंडा आदल्या पंधरवड्यात येऊन गेला होता. तीन बोअर कोरडे गेले होते, जनावरं छावणीत होती. सुभेदारांनी त्याला तोंडावर सांगितलं होतं, आता या घरातनं बोअरला काही मिळायचं नाही. बोलण्यात त्यांची चूक नव्हती. पण गुंडा जेवणावरून अर्धा उठला आणि जाताना बहिणीकडे बघितलंसुद्धा नाही. सासूबाईंनी घातलेली ठुशी बनुबाईंनी सराफाच्या तराजूत ठेवली. परत येताना पेठनाक्याच्या पुढं गळ्याला हात लावून म्हणाल्या, "अगो बाई, ठुशी!"

चौथ्या बोअरला पाणी लागलं. त्याचं त्यांना कधी वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते त्या संध्याकाळचं. सुभेदार बॅटरी घेऊन दोन तास गाडी उलटीपालटी करत होते, आणि त्या शेजारी कंदील धरून उभ्या होत्या.

पुढे महिना-दीड महिना तो विषय निघाला नाही. मग हिवाळ्यात एकदा, गाडी पुसता पुसता सुभेदार म्हणाले, "बनू, मागच्या सीटखाली तू एकदा हात घालून बघ. माझा पंजा जात न्हाई तिथं. तुझा जाईल."

बनुबाईंना वाटलं, यांना कळलं. कळलंय आणि आता खेळवतायत.

"तुमची गाडी, तुमीच बघा," असं म्हणून त्या आत निघून गेल्या.

नंतर दर दसऱ्याला तेच. गाडी धुवायची, हळदकुंकू लावायचं, आणि सुभेदारांनी सहज सांगावं तसं म्हणायचं, सीटखाली बघ गं एकदा. शेवटच्या दसऱ्याला त्या तडकल्या. "किती वर्सं तेच तेच! माझ्यावर इस्वास न्हाई तर तसं तोंडानं बोला." सुभेदार हातात झेंडूचा हार घेऊन उभे होते. त्यांनी हार बॉनेटला बांधला आणि हात झटकले. पुढच्या दसऱ्याला ते नव्हते.

बुधवारी दिग्विजयने टेप आणली आणि म्हणाला, "मामी, जरा खुर्चीवर बसा."

"कशाला?"

"बसा तर."

त्याने जमिनीपासून त्यांच्या गुडघ्यापर्यंत माप घेतलं आणि पत्र्याच्या तुकड्यावर खिळ्याने आकडा ओरखडला. बनुबाई रात्रभर त्या आकड्याचा विचार करत होत्या. माणसाचं माप कशाला घेतात? शुक्रवारी त्याने कुठल्याशा मोडीतल्या गाडीची पुढची सीट आणून फियाटमध्ये बसवली, खाली लाकडी ठोकळे देऊन चांगली चार बोटं उंच.

"ह्यावर गुडघं दुखायचं न्हाईत," तो म्हणाला. "विटा, शिराळा, कुठंबी जाऊ आपण."

त्यांना बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचाच राग आला. "आन पुण्याची मान्सं? फोटू काढून गेली ती?"

"ती व्हय? त्यांच्याकडं अशीच गाडी हाय. डिकीचं कुलूप कसं बसतंय ते बघाय आलती. बदल्यात मागचा दिवा देणार हायेत." तो वाकून पाना शोधू लागला. "आता मागची सीट तेवढी काढायची राहिली."

"ती नका काढू."

शब्द फार लवकर तोंडातून गेले. दिग्विजयने वर बघितलं.

"सुभेदारांनी बसवून घेतलेली हाय," बनुबाई म्हणाल्या. "हाय तशी असू द्या."

"खालचा पत्रा सडला असंल, मामी. सीटचं पट्टं बसवायचं तर बघाय पायजे." त्याचा आवाज मऊ होता. तराजू हातात असल्यासारखा तो त्यांच्याकडे क्षणभर बघत राहिला. "तुमी नको म्हणत असला तर न्हाई काढत."

आता नको म्हटलं तर? याच्या डोक्यात आणखी एक पुडी बांधली जाईल.

"काढा," त्या म्हणाल्या आणि घरात आल्या.

त्यांनी तांदळाचं सूप पुढ्यात ओढलं. गोठ्यातून बोल्ट सैल होताना कुरकुरल्याचा आवाज आला, मग स्प्रिंगांचा, मग काहीच नाही. ते काहीच नाही फार वेळ चाललं. चाळणीचाही आवाज नव्हता.

दिग्विजय आला तो हात धुऊन आला होता. त्याने त्यांच्यासमोर उकिडवं बसून मूठ उघडली आणि सुपातल्या तांदळांवर ठुशी ठेवली.

बनुबाईंनी हात लावला नाही. दुसरी असेल. यानेच करून आणली असेल. याला काय अवघड? सासूला खूश करायला, नाहीतर सासूला पकडायला.

"बावीसचं हाय," तो हळूच म्हणाला. "एक मणी तेवढा लालसर. मागनं बसवलेला, दुसऱ्या हाताचा."

मधल्या ओळीतला तिसरा. सासूबाईंचा मणी जात्यात पडून चेपला होता, तेव्हा कराडच्या सोनाराने बसवलेला. हे सांगायला आता कोणी उरलं नव्हतं. बनुबाईंनी ठुशी उचलून उजेडाला धरली. तोच मणी.

"कुठं..."

"सीटखाली, कोपऱ्यातल्या खोबणीत. कागदात हुती." दिग्विजयने बंडीच्या खिशातून एक घडी काढली. "कागदबी ठेवलाय. मी काय टाकत न्हाई, तुमाला म्हाईत हाय."

सराफाचा गुलाबी कागद, घडीवर विरलेला. वर छापलेलं नाव त्यांनी एकदाच वाचलं होतं, त्या दिवशी, दुकानाच्या पाटीवर. खाली शाईने तारीख होती. सहा डिसेंबर त्र्याण्णव.

अंगणात स्कूटी थांबली. संयोगिता पर्स खांद्याला लावून आत आली आणि आईच्या हाताकडे बघत उंबऱ्यातच थबकली.

"आई! ठुशी? कुठं सापडली?"

दिग्विजय उठला. बायकोकडे बघत, अगदी सहज म्हणाला, "सीटच्या स्प्रिंगात अडकली हुती. पडली तशीच."

बनुबाईंनी त्याच्याकडे बघितलं. कागद त्याने त्यांच्या हाताखाली सरकवला होता, संयूला दिसणार नाही असा. इतके दिवस त्या या माणसाची पोती तपासत होत्या.

"अडकली न्हवती," त्या म्हणाल्या. "तुज्या बाबांनी ठेवली हुती."

"बाबांनी? मग त्यांनी सांगितलं का नाही?"

"सांगत हुते." त्यांनी कागद सुपात ठुशीशेजारी ठेवला, उघडा. "मी इकली हुती, संयू. सांगलीत. त्यांनी परत आणली. वाच त्यात."

संयोगिताने कागद उचलला. ती काय विचारते याची वाट न बघता बनुबाई उठल्या आणि गुडघ्यांवर हात ठेवत गोठ्यात गेल्या. मागचं दार उघडंच होतं. सीट बाहेर भिंतीला टेकवलेली, आत नुसता पत्रा, आणि कोपऱ्यात ती खोबण, काळी, चार बोटांची. त्या वाकल्या. मग बांगड्या मागं सारल्या आणि हात आत घातला.

हात सहज जात होता.