उजवीकडची पाचवी खिट्टी

फिलिपिन्समधल्या जनरल सांतोस शहराच्या विमानतळावर नेमेसियो कारबोनेलइतका संशयी माणूस दुसरा नव्हता, आणि संशय घ्यायचाच त्याला पगार होता. तो मालवाहू विमानाचा लोडमास्टर. टुना माशांच्या पेट्या रचलेली पॅलेटं विमानाच्या पोटात ओळीने बसवायची आणि तळातल्या पोलादी खिट्ट्यांनी जखडून टाकायची, हे त्याचं बावीस वर्षांचं काम. उड्डाणाच्या वेळी एक जरी पॅलेट मागे घसरलं, की विमान शेपटीकडे कलतं आणि मग वैमानिकाच्या हातात फारसं काही उरत नाही.

आता कंपनीने खिट्ट्यांना मोटारी बसवल्या होत्या. बटण दाबलं की सगळ्या आपोआप वर येणार, दाराजवळच्या फलकावर हिरवे दिवे लागणार, नेमेसियोने फक्त सही ठोकायची. सही झाली की फलक बंद. सोमवारपासून चाचणी, शनिवारी निकाल.

आणि गेले चार दिवस, मनिलाला उतरून पाहावं तर उजवीकडची पाचवी खिट्टी खाली बसलेली! कॅप्टनने त्या पॅलेटवर जादा पट्टे आवळून घेतले होते म्हणून निभावलं. मेकॅनिकांनी खिट्टी दोनदा उपसून पाहिली, दोष सापडेना. यंत्राची नोंद मात्र रोज तेच सांगायची. हिरवा दिवा, सही, आणि सहीनंतर दोन मिनिटांनी, विमान जागेवरच उभं असताना, खिट्टी उघडली.

"सही झाल्यावर मागे दोनच माणसं असतात," कॅप्टन आब्रोगार सगळ्यांदेखत म्हणाला. "शनिवारपर्यंत मला नाव पाहिजे. यंत्र दोषी असेल तर यंत्र परत. माणूस दोषी असेल तर माणूस घरी."

त्यातला एक नेमेसियो. दुसरी जोव्हेलिन, मोटारी बसवायला सेबूहून आलेली तरुण इंजिनियर. नेमेसियोचा निकाल तिथल्या तिथे लागला होता. तिच्या टॅबवरून कुठलीही खिट्टी बसल्या जागी पाडता यायची. माणूस बिनभरवशाचा ठरला की बाराही लोडमास्टरांना नारळ द्यायला कंपनी मोकळी. पोरगी त्याचसाठी पाठवलीय, एवढं न कळायला तो काही कालचा नव्हता.

"काय गं, पोरी," शुक्रवारी सकाळी कॉफीत पांदेसाल पाव बुडवत त्याने विषय काढला, "तुझ्या त्या टॅबमध्ये काय काय करता येतं?"

"सगळं येतं, नेमेसकाका. पाव तेवढा बुडवता येत नाही."

"आणि खिट्टी पाडता येते?"

तिचं हसू मावळलं. "मीही तेच विचारणार होते तुम्हाला. मोटारी आल्यापासून तुमचं तोंड असं झालंय, जणू सवतच आणून बसवलीय."

"म्हणजे मी पाडतो? अगं, माझं बूड त्याच विमानात असतं!"

"मग माझं काय बोटीने जातं?"

ते खरं होतं, आणि त्यानेच तो जास्त भडकला. त्याने तिचा टॅब काढून घेतला आणि कॅप्टनच्या बॅगेत ठेवून दिला. "आज बघू कोण पाडतं ते," तो म्हणाला. तीही हाताची घडी घालून दारात उभी राहिली. तिलाही बघायचंच होतं.

पॅलेटं चढली. दिवे हिरवे झाले. नेमेसियोने सही केली आणि रोजच्यासारखा कडेच्या चिंचोळ्या वाटेने मागे निघाला. पाचव्या खिट्टीसमोर भिंतीवर सांतो निन्योचं, बाळ येशूचं, चित्र होतं. त्याने स्वतःच चिकटवलेलं. उड्डाणाआधी तिथे थांबून, एक पाय पुढे टेकून, त्यावर भार देऊन, डोळे मिटून छातीवर क्रूस काढायचा आणि सगळ्यांना सुखरूप ने म्हणून विनवायचं, हा त्याचा नेम कधी चुकला नव्हता. वाट इतकी अरुंद की पाय खिट्टीवरच यायचा. जुन्या खिट्ट्यांना त्याचं काही नव्हतं.

आज मात्र डोळे मिटायची हिंमत होईना. पोरगी काय करेल याचा नेम काय? क्रूस काढता काढता तो कधी तिच्याकडे, कधी खाली बघत राहिला. पोरगी हलली नाही. खिट्टी मात्र त्याच्या बुटाखाली गुपचूप खाली बसली.

"पाय!" जोव्हेलिन ओरडली. "नेमेसकाका, पाय काढा!"

ती धावत आली. मोटार बिघडलीच तर अडायला नको म्हणून खिट्टीवर पाच सेकंद पूर्ण भार दिला की ती उतरते, हे तिने पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. त्या दिवशी हजेरीची सही करून नेमेसियो बाहेर मासेवाल्यांशी गप्पा छाटत बसला होता. त्याने पाय मागे घेतला.

"कुणाला सांगू नका," ती हळूच म्हणाली. "पायाने उघडते हा यंत्राचाच दोष आहे. मी तसं लिहून देते."

ही एवढी चांगली का वागतेय, असा संशय सवयीने त्याच्या मनात आलाच. मग त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की तिच्याकडे बघवेना. तो तडक कॅप्टनकडे गेला.

"सापडलं नाव?" कॅप्टनने विचारलं.

"सापडलं. नेमेसियो कारबोनेल. चार दिवस तुम्हा सगळ्यांच्या जिवावर उठला होता, कॅप्टन, आणि वर तुमच्यासाठीच हात जोडत होता."