चढावरची टणटण

गॅरेजवाल्यांमध्ये सासऱ्यांचं नावच 'कान' पडलं होतं. बॉनेट न उघडता, त्यावर तळवा टेकून, नुसत्या आवाजावरून ते इंजिनाचं दुखणं सांगत. चाळीस वर्षं तेच केलं. त्यामुळे मुलाने घेतलेल्या जुन्या टर्बो गाडीत साधं, एक्क्याण्णव ऑक्टेनचंच पेट्रोल भरा, असं ते म्हणाले तेव्हा घरात कोणी ब्र काढला नाही. महागडं पेट्रोल म्हणजे धडधाकट माणसाला टॉनिक, हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

सुनेने मात्र टाकीच्या झाकणामागची चिकटपट्टी वाचली होती. किमान पंच्याण्णव. ती सगळंच वाचायची. लेक चिमणी झाल्यापासून तर तापाच्या औषधाची बाटलीसुद्धा तीनतीनदा.

त्या शनिवारी चिमणीला लस टोचून तिघं परत येत होते. सासरे चालवत होते, सून मागे बाळाशेजारी. घराकडचा चढ लागला आणि आवाज सुरू झाला. पत्र्याच्या डबीत खडे हलवावेत तसा, बारीक.

"बाबा, इंजिन वाजतंय."

कसलं काय, लोण्यासारखी चाललीय, असं म्हणून त्यांनी आणखी दाबलं. टणटण वाढली. सुनेने शेजारच्या चिमणीकडे पाहिलं; काळजी गाडीची नव्हती. सोमवारपासून ती कामावर रुजू होणार होती. दिवसभर बाळ यांच्यापाशी. ज्या कानांना हे ऐकू येत नाही, त्यांना पलीकडच्या खोलीतलं रडणं येईल?

माथ्यावर सासऱ्यांनी गाडी बाजूला घेतली. खरंच वाजतंय का, कोणत्या गिअरला, असं हळूच विचारलं. तिला गिअरमधलं ओ की ठो कळत नव्हतं. मग म्हणाले, "वाजलं की माझ्या खांद्यावर बोट मार."

गाडी वळवून ते खाली गेले आणि पुन्हा चढ धरला. तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबताच तिचं बोट खांद्यावर ताशा वाजवू लागलं. पाय उचलला, बोट थांबलं. दाबला, पुन्हा सुरू.

"टर्बो हवा दाबून भरतो," वर पोचल्यावर ते म्हणाले. "एवढा दाब साध्या पेट्रोलला सोसत नाही, ते नको तेव्हा पेटतं. त्याचाच हा आवाज. मला आला असता तर पहिल्याच दिवशी पंच्याण्णव भरायला लावलं असतं गं. वर्ष झालं, बारीक आवाज गेले."

"सांगितलं का नाही?"

त्यांनी आरशातून मागे झोपलेल्या चिमणीकडे पाहिलं. "सांगितलं असतं, तर हिला माझ्याकडे ठेवली असतीस?"

उत्तर दोघांनाही ठाऊक होतं. पण मग तिला तो हात आठवला. दुपारभर सासरे पाळण्याच्या कठड्यावर तळवा ठेवून बसत, पेपरसुद्धा हातात घेत नसत. असल्या लाडाने पोर बिघडेल, अशी कुरकुर तिने नवऱ्याकडे केली होती. बॉनेटवर ठेवायचे तोच तळवा. परवाच चिमणी चुळबुळली, तर धडक्या कानांची आई स्वयंपाकघरातून येईतो ती आजोबांच्या खांद्यावर होतीही.

"सोमवारी आधी कानाच्या डॉक्टरांकडे," ती म्हणाली. "मी रजा वाढवून घेते. यंत्र बसेपर्यंत हात पाळण्यावरून हलवायचा नाही."

"आणि बसल्यावर?"

"तरीही नाही."

टाकी जवळजवळ रिकामीच होती. पुन्हा खाली उतरून पायथ्याच्या पंपावर सासऱ्यांनी काच खाली केली, घसा साफ केला आणि पंच्याण्णव मागितलं, तेही जरा मोठ्यानेच.

पुन्हा चढ. तिसरा गिअर, पाय दाबलेला. सुनेचं बोट खांद्यावर तयार होतं, पण ते नुसतंच टेकून राहिलं.

"काय म्हणतंय?" त्यांनी विचारलं.

"काहीच ऐकू येत नाही, बाबा."

"चला," सासरे म्हणाले, "म्हणजे मी एकटाच नाही."