पेट्रोल कोण पितं

"आज नाव कळलं नाही, तर उद्या पहाटे मी नदीवर," डुफीआई म्हणाली आणि रुमालात बांधलेली दोन अंडी तिने अजेकुम मिस्त्रीच्या बाकड्यावर ठेवली. "अंडी फोडून नदीच्या देवाला सांगून येते. माझ्या गाडीचं पेट्रोल जो पितोय, त्याचं आणि त्याचा वंश चालवणाऱ्या बहिणीच्या पोराबाळांचं काय करायचं, ते अँतोआची नदी बघून घेईल."

"उद्या कशाला, आत्ताच चला, आई. मीच सोडतो," तिच्या टॅक्सीचा ड्रायव्हर बाडू म्हणाला. "मी प्यायलो असेन तर माझं पोट फुगू दे."

"पोट फुगेल तेव्हा फुगेल. किल्ली मात्र आजच ठेवून जायची."

कुमासी शहराच्या सुआमे मॅगझिनमध्ये, फिटर लोकांच्या त्या गावाएवढ्या पसाऱ्यात, असली भांडणं रोजची. डुफीआई केजेशिया बाजारात धुरी दिलेले मासे विकायची. वीस वर्षं धुरात डोळे जाळून तिने ही छोटी गाडी घेतली होती. तीही परदेशात वापरून टाकून दिलेली. ईस्टरपर्यंत दहा लिटरांत एकशेतीस किलोमीटर जायची. आता शंभरलाही टेकत नव्हती. टाकीच्या झाकणाची किल्ली तिने कमरेला बांधली, रोज सकाळी स्वतः उभी राहून पेट्रोल भरलं, तरी तेच. मग चोर कोण? स्टिअरिंग ज्याच्या हातात तो. गरिबाला चोर शोधायला लांब जावं लागत नाही. शेजारचा गरीब पुरतो.

अजेकुम सकाळपासून त्या गाडीखाली होता. एकसष्टाव्या वर्षी माणूस गाडीखाली जातो सहज, बाहेर येताना गुडघे हिशेब मागतात. चारही चाकं उचलून त्याने हाताने फिरवली. ब्रेक कुठे घासत नव्हता. टायरांत हवा बरोबर. एअर फिल्टर साफ. टाकीपासून इंजिनापर्यंत नळी हुंगत गेला, गळती नाही. मग प्लग काढले, तर पातेल्याच्या बुडासारखे काळे. पेट्रोल टाकीतून कोणी काढत नव्हतं, इंजिनच पीत होतं. का पितंय ते बघायला तो बाडूबरोबर माम्पोंगच्या रस्त्याने एक फेरी मारून आला होता.

"तापमानाचा काटा बघा, मामा," बाडू वाटेत म्हणाला होता. "तुम्ही ईस्टरला हात लावल्यापासून एकदाही वर गेला नाही. चढावर सगळ्यांच्या गाड्या वाफा सोडतात, आपली नाही. मी थांब्यावर सगळ्यांना सांगतो, गाडी तापली की अजेकुममामांकडे जा."

परत आल्यावर अजेकुमने बॉनेट उघडून रेडिएटरच्या नळीवर हात ठेवला. गाडी वीस किलोमीटर पळून आलेली, आणि नळी अशी कोमट की हात ठेवून गप्पा माराव्यात.

ईस्टरला गाडी तापली तेव्हा त्याने थर्मोस्टॅट काढून फेकला होता. इंजिन गरम होईपर्यंत पाणी अडवून धरणारी ती छोटी झडप. सगळं मॅगझिन तेच करतं. त्याच्या उस्तादाने त्याला शिकवलं होतं, "ती गोऱ्यांच्या थंडीसाठी असते. आपल्याला देवाने ऊन दिलंय." झडप गेली की पाणी सारखं फिरत राहतं, इंजिन कधी पुरतं तापत नाही. आतल्या कॉम्प्युटरला वाटतं गाडी आत्ताच सुरू झालीय, आणि तो पेट्रोल ओतत राहतो. गोऱ्यांच्या देशांनी आपल्या जुन्या गाड्या इकडे ढकलल्या, त्या समजावून देणारी पुस्तकं ठेवून घेतली. हे खरंच. पण अजेकुमला तेवढ्याने सुटता येत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी एका पाद्र्याने हट्टाने नवी झडप बसवून घेतली होती आणि त्याची गाडी कमी पिऊ लागली होती. संशय तेव्हाच आला होता. अजेकुमने तो गिळला आणि झडपा काढत राहिला.

शेजारचा वेल्डर तविया जवळ येऊन हळूच म्हणाला, "कळलं मला तुमच्या तोंडावरून. गप्प बसा. प्लग खराब झालेत म्हणा, नवे घाला, मोकळे व्हा."

"आणि बाडू?"

"त्याला दुसरी गाडी मिळेल. या वयात तुम्ही दुसरी अब्रू कुठून आणणार?"

"आणि नदी?"

"नदी काय बॉनेट उघडून बघणार आहे?"

तिकडे बाडूने किल्ली डुफीआईच्या हातात दिली होती आणि डिकीतून आपला टॉवेल, चपला, पाण्याची बाटली काढून घेत होता.

"ठेव ते," अजेकुम म्हणाला. "डुफीआई, पेट्रोल मी पितोय."

"थट्टा नको, मिस्त्री. माझं डोकं तापलंय."

"डोकं तापलंय, इंजिन तापत नाहीये. ईस्टरला मी त्यातली एक झडप काढली. काढायला नको होती."

"तुम्हाला माहीत नव्हतं?"

खोटं बोलायचं तर इथेच. नव्हतं म्हटलं की सुटला.

"शंका होती," तो म्हणाला.

नदीच्या भीतीने बोलला की बाडूच्या चपला बघून, ते त्याचं त्यालाही कळलं नाही. डुफीआईने अंडी उचलून अंगावरच्या कापडाआड घेतली. तिला बाडूकडे बघता येईना. "याला मी अख्ख्या बाजारासमोर चोर म्हटलं," ती एवढंच म्हणाली.

बाडू मात्र अजेकुमकडे बघत होता. "थांब्यावरच्या किती जणांना मी तुमच्याकडे पाठवलं," तो म्हणाला. "त्यांच्याही काढल्या?"

"तापल्या म्हणून आलेल्या सगळ्यांच्या."

या वेळी बाडूने एकदाही त्याला 'मामा' म्हटलं नाही.

अजेकुमने नवी झडप आणली. शेजारच्या पेजवालीच्या पातेल्यातलं उकळतं पाणी मागून घेतलं, झडप दोऱ्याने त्यात सोडली, ती उघडते का ते पाहिलं आणि मग बसवली. इंजिन सुरू करून नळी धरली. बराच वेळ गार. मग एकदम चटका. हात त्याने जरा उशिराच काढला.

शनिवारी डुफीआईचा निरोप आला. दहा लिटरांत एकशेपंचवीस.

सोमवारी सकाळी त्याच्या छपरासमोर तवियाच्या दुकानापलीकडपर्यंत बाडूच्या थांब्यावरच्या टॅक्सी उभ्या होत्या. भांडायला आलेत असं वाटून तो उभा राहिला. कोणी भांडलं नाही. कोणी उतरलं नाही, साधा नमस्कारही केला नाही. पहिल्या ड्रायव्हरने बसल्या जागेवरूनच आतला खटका ओढला, बॉनेट दोन बोटं वर आलं, आणि तो समोर रस्त्याकडे बघत राहिला. अजेकुमने पाना उचलला, पुढे गेला आणि बॉनेट स्वतःच उघडून धरलं.