लागलेला वेळ: अकरा सेकंद

आई शनिवारी गेली. मी तीन दिवस रजा घेतली आणि गुरुवारी कामावर हजर झाले. हजर झाले म्हणजे शेजारच्या खोलीत जाऊन बसले. माझं ऑफिस आमच्या घरातच आहे. एक टेबल, एक लॅपटॉप, पाठीमागे पांढरी भिंत आणि दाराला चिकटवलेला कागद, ‘काम चालू आहे, आवाज नको’. हा कागद मी आईसाठी लावला होता, पण घाईघाईत दाराच्या आतल्या बाजूला. “अगं, आतून लावलास तर वाचणार कोण, तूच ना?” असं आईने विचारलं होतं. तो अजून तिथेच आहे.

मी विद्यापीठातल्या मुलांचं ऑनलाइन समुपदेशन करते. मुलं खरं नाव सांगत नाहीत, सेवेचा तसा नियमच आहे. टोपणनाव घ्यायचं आणि ठरलेल्या वेळी पडद्यावर यायचं. माझा कॅमेरा चालू असावा लागतो, त्यांचा नसला तरी चालतो. माझ्याकडे एक ‘बटाटा’ येतो, एक ‘शेवटचा बाक’ येतो, आणि गुरुवारी अकराला ‘उशी’ यायची.

उशी हे नाव का घेतलं, हे मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. “सगळे माझ्यावर डोकं टेकवतात ना, म्हणून,” ती हसत म्हणाली. घरून तिला रोज दोन फोन यायचे. आधी वडिलांचा, आईची तक्रार करायला. मग आईचा, वडिलांची तक्रार करायला. दोघांची समजूत घालून ही वसतिगृहातून निघायची, प्रयोगशाळेच्या दारापर्यंत जायची, दाराला हात लावायची आणि परत यायची. महिनाभर तिने एकही प्रयोग केला नव्हता. खोलीतल्या मैत्रिणींची भांडणं मात्र तीच सोडवत होती. लोकाघरी दिवा आणि आपल्या घरी अंधार, असा सगळा प्रकार.

प्रत्येक भेटीआधी मुलांना नऊ प्रश्नांचा फॉर्म भरावा लागतो. झोप लागते का, भूक लागते का, कशात मन रमतं का, असे प्रश्न. शून्य ते तीन गुण. शून्य म्हणजे काही त्रास नाही, तीन म्हणजे रोजच. नववा प्रश्न जगावंसं वाटत नाही का, हा असतो. फॉर्म भरल्याशिवाय खिडकी उघडत नाही. लागोपाठ दोनदा बेरीज पाचच्या खाली आली की यंत्र हिरवा पट्टा दाखवतं, ‘विद्यार्थ्यात सुधारणा. फाइल बंद करावी’. बंद करायचं बटण मात्र आम्ही दाबायचं. बंद केली की त्या मुलाला पुन्हा यायचं तर रांगेच्या शेवटी उभं राहावं लागतं, आणि रांग दोन महिन्यांची आहे.

उशीची बेरीज पहिल्या चार भेटींत एकोणीस-वीस अशी होती. पाचव्या भेटीत शून्य आली. सहाव्या भेटीत परत शून्य.

“छान वाटतंय आता, मॅडम,” ती म्हणाली. कॅमेरा नेहमीसारखा बंद. “लॅबमध्ये पण जाते. घरचे पण बरे आहेत.”

“छान,” मी म्हणाले, आणि बटण दाबलं.

इतकंच. मी दहा वर्षं हे काम करते आहे. एका आठवड्यात एकोणीसची शून्य होत नाही, हे मला झोपेतही कळायला हवं. पण तेव्हा मला काहीच कळत नव्हतं. भूक लागत होती, झोप लागत होती, मुलांची वाक्यं ऐकू येत होती. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल असतो पण जाणवत नाही, तसं माझं सगळंच झालं होतं. ताई रोज फोन करून सांगायची, “अगं, एकदा रडून घे. मोकळी होशील.” मला तिचा राग यायचा. रडू म्हणजे काय नळाचं पाणी आहे, चावी फिरवली की आलं? मी तिला “हो, रडते” म्हणायचे आणि फोन ठेवून भांडी घासायचे.

एकच गोष्ट रोज व्हायची. साडेअकराला माझ्या मोबाइलची घंटा वाजायची. आईच्या गोळीची वेळ. ती असताना मी कुणाशीही बोलत असले तरी, “एक मिनिट हं, आईला गोळी देऊन येते,” असं म्हणून उठायचे. आता घंटा वाजली की अंगठ्याने बंद करायचे आणि बोलणं पुढे चालू. कायमची काढून टाकायला दोन क्षण लागले असते. तेवढंही मी केलं नव्हतं.

फाइल बंद झाल्यावर आमच्या मुख्य समुपदेशक सरांचा निरोप आला, ‘सहा भेटींत सुधारणा! अभिनंदन!’ मी आभार मानले.

पुढच्या गुरुवारी अकराची वेळ रिकामी होती. त्याच दिवशी आमचा, म्हणजे कर्मचाऱ्यांचा फॉर्म आला. दुसऱ्याचं मन सांभाळणाऱ्याने आपलंही तपासावं म्हणून दर महिन्याला येतो. तेच नऊ प्रश्न. मी भराभरा पहिल्या रकान्यात टिचक्या मारत खाली आले. पडद्यावर आलं: ‘धन्यवाद. एकूण गुण शून्य. लागलेला वेळ नऊ सेकंद.’

मी त्या नऊ सेकंदांकडे बघत बसले. नऊ प्रश्न, नऊ सेकंद. एकही प्रश्न वाचला नव्हता.

मग मी उशीची फाइल उघडली. बंद फाइल वाचता येते, तिच्यात लिहिता येत नाही. पहिली भेट, लागलेला वेळ सहा मिनिटं. दुसरी, साडेपाच मिनिटं. चौथी, सात मिनिटं. पाचवी, अकरा सेकंद. सहावी, अकरा सेकंद. आकडा दोन्ही वेळा माझ्या डोळ्यांसमोर होता. मुलीने डोळे मिटून टिचक्या मारल्या होत्या आणि मी डोळे उघडे ठेवून त्या मान्य केल्या होत्या.

मला भीती वाटली. महिनाभरात पहिल्यांदा काहीतरी वाटलं, ते हे. चौथ्या भेटीच्या फॉर्मवर नवव्या प्रश्नापुढे तिने एक लिहिलं होतं, आणि त्याबद्दल मी तिला विचारलंच नव्हतं.

मी सरांना फोन लावला आणि उशीची फाइल पुन्हा उघडायला सांगितली.

“अहो मॅडम,” ते म्हणाले, “बरी झालेली मुलगी परत आजारी कशाला करताय?”

“ती बरी झालेली नाही, सर. फाइल चुकून बंद झाली.”

“चुकून कशी होईल? दोनदा शून्य आहे. यंत्रानेच सुचवलंय.”

“यंत्राने सुचवलं, पण बटण मी दाबलं. तिने फॉर्म अकरा सेकंदांत भरलाय.”

“उघडता येईल. पण कारण लिहावं लागतं, आणि ते तुमच्या नोंदीत राहतं. काय लिहू?”

“समुपदेशकाचं लक्ष नव्हतं, असं लिहा.”

“असं कसं लिहू? तुमचा फॉर्म आत्ताच आलाय माझ्याकडे. सगळं शून्य. एकदम ठणठणीत.”

“माझा लागलेला वेळ बघा,” मी म्हणाले.

पलीकडे बराच वेळ नुसते कळफलकाचे आवाज येत राहिले. मग सर वेगळ्याच आवाजात म्हणाले, “फाइल उघडली आहे. तुमच्याशी नंतर बोलतो. बोलायचंच आहे, टाळू नका.” मी टाळणार नाही म्हणाले.

मुलांना पाठवायचे निरोप आमच्याकडे तयार असतात. ‘प्रिय विद्यार्थी, आपल्या प्रगतीचा आढावा घेण्यासाठी’ वगैरे. मी तो खोडला आणि लिहिलं, ‘उशी, तुझी फाइल बंद करण्यात माझी चूक झाली. तुझी वेळ मी कुणाला दिलेली नाही. गुरुवारच्या आधी बोलावंसं वाटलं तर कधीही फोन कर, खाली आमचा नंबर आहे. नाहीतर गुरुवारी अकराला मी इथेच आहे.’

निरोप वाचल्याची खूण संध्याकाळी आली. उत्तर आलं नाही. शुक्रवारी नाही, शनिवारी नाही. सोमवारी मी तिच्या वसतिगृहाच्या अधीक्षकबाईंना फोन करायची परवानगी सरांकडे मागितली. सर म्हणाले, “गुरुवारी सव्वाअकरापर्यंत बघू. नाही आली तर मी स्वतः फोन करतो.” त्या तीन रात्री मला झोप लागली नाही.

गुरुवारी पावणेअकरालाच मी बसले. अकरा वाजले. अकरा वाजून दोन मिनिटं झाली. मग पडद्यावर आलं, ‘विद्यार्थी फॉर्म भरत आहे’. मी घड्याळ लावून बघत राहिले. एक मिनिट. तीन मिनिटं. पाच. मी मनात म्हणत होते, भर बाई, सावकाश भर. आठ मिनिटांनी खिडकी उघडली.

बेरीज बावीस. मी दहा वर्षांत इतक्या वाईट आकड्यावर इतकी खूश झाले नव्हते. काय मेला हा धंदा, असंही वाटलं.

आणि या वेळी कॅमेरा चालू होता. मी मनात एक किरकोळ, घाबरलेली मुलगी रंगवली होती. समोर एक चांगली उंच, रुंद खांद्यांची मुलगी बसली होती. केस ओले होते.

“मला वाटलं तुम्ही रागावाल,” ती म्हणाली.

“रागावू कशाला? मला फक्त सांग, ते दोन फॉर्म तसे का भरलेस?”

तिने खाली बघितलं. “सांगितलं तर तुम्हाला वाईट वाटेल.”

“वाटू दे.”

“आधी साडेअकराला तुमची घंटा वाजली की तुम्ही उठायच्यात,” ती म्हणाली. “आईला गोळी द्यायला. तुम्ही गेलात की तुमची खुर्ची गोल फिरायची, मला मजा वाटायची. मग चौथ्या वेळी घंटा वाजली आणि तुम्ही उठला नाहीत. नुसती बंद केलीत. तुमचा चेहरा पण हलला नाही. मला कळलं. मी म्हटलं, आता यांच्याकडे आपलं कुठे घेऊन जायचं? आपण बरे झालो तर यांचं एक काम तरी कमी होईल.”

माझी आई गेल्याचं मी सगळ्यांना फोन करून कळवलं होतं. न सांगता जिला कळलं ती ही एकटीच. रोज सगळ्यांची डोकी सांभाळणाऱ्या मुलीवर मीही माझं डोकं टेकवलं होतं, आणि तिने नेहमीप्रमाणे काही न बोलता ते घेतलं होतं. मला लाज वाटली.

“हो,” मी म्हणाले. “माझी आई गेली. तू बरोबर ओळखलंस. पण ते सांभाळायला माझी माणसं आहेत. माझी ताई आहे, माझे सर आहेत. तू नाहीस. तू इथे माझी काळजी करायची नाही. इथे तेवढं एक काम तुला नाही.”

ती रडायला लागली. माझे डोळेही वाहायला लागले, आणि मी ते पुसले नाहीत. दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि ती रडता रडता थोडी हसली.

तेवढ्यात साडेअकरा झाले. मोबाइल वाजू लागला. माझा अंगठा सवयीने पुढे गेला. मी हात मागे घेतला. ती घंटा एक मिनिट वाजते आणि मग आपोआप थांबते, हे मला पाच आठवड्यांत कळलं नव्हतं. आम्ही दोघी ती ऐकत राहिलो.

थांबल्यावर मी फॉर्म समोर घेतला.

“नववा प्रश्न,” मी म्हणाले. “या वेळी दोन लिहिलंयस. मागे एक होतं, तेव्हा मी विचारलं नाही. आता विचारते. मरावंसं वाटतं का तुला?”

तिने नाक पुसलं, खुर्ची जवळ ओढली आणि सांगायला सुरुवात केली. बाराची वेळ बटाट्याची होती. मी त्याला निरोप पाठवला, आज जरा उशीर होईल, आणि ऐकत राहिले.