छावणीबाहेर पडलेली हातगाडी

मित्रांनो, माझे एक चाक वाकडे आहे, त्यामुळे मुले मला हसतात. मी एक जुनी हातगाडी आहे. लेबनॉनमधल्या समुद्रकाठच्या पॅलेस्टिनी निर्वासितांच्या छावणीत एका लोहाराने मोडक्या पलंगाच्या पट्ट्या जोडून मला घडवले. विधवा विदाद माझ्यावर जिरे-लिंबू घातलेले उकडलेले हरभरे विकायची. लोक बोटे चाटत. फक्त शेजारचे हाजी शाकिर कुरकुरत, कारण बोळ अरुंद आणि मी त्यांच्याच दाराशी उभी. त्यांच्या पायांतले बळ केव्हाच गेले होते.

पुढे कुठूनसे बंदूकधारी आले आणि टोकाच्या घरांत शिरले. मग एका पहाटे टेकडीवरून लेबनॉनच्या फौजेचे तोफगोळे पडू लागले. पाणी संपले. भिंती हादरल्या की मीही खडखडत असे.

एका दुपारी गोळीबार थांबला. रस्ता मोकळा झाला, पण किती वेळ राहील ते कुणालाच ठाऊक नव्हते. विदादने पातेले खाली ठेवले आणि मला हाजींच्या दारात आणले.

"लहानपणी आईचं बोट धरून गाव सोडलं," हाजी म्हणाले. "आठवड्यात परतू, म्हणाली होती. आता मी कुठं जात नाही."

"मग मीही इथंच बसते. भांडायला कुणी तरी हवंच ना तुम्हाला?"

शेवटी हाजींनी हात पुढे केले. विदादने त्यांना उचलून माझ्यावर बसवले आणि पायांवर घोंगडी टाकली.

कोपऱ्यावर एका बंदूकधाऱ्याने वाट अडवली. लोक गेले की फौज आत घुसेल, मागे फिरा, म्हणाला. विदादचे तळवे माझ्या दांड्यावर घामाने निसटत होते.

"तुझी लढाई तू लढ, बाबा. म्हाताऱ्याच्या आड कशाला लपतोस?"

तो मान फिरवून बाजूला झाला. तेवढ्यात कुठेतरी गोळी सुटली. विदाद धावत सुटली आणि माझे चाक ढिगाऱ्यात रुतले. मला सोड, असे हाजी पुन्हा पुन्हा म्हणाले. तिने खांदा लावून रेटले. चाक वाकले, पण निघाले.

नाक्यावर सैनिकाने हाजींच्या घोंगडीवर बंदूक रोखली. आत बॉम्ब असेल, अशी त्याला भीती. हाजींनी दोन्ही हात वर केले. त्याने घोंगडी उचलली, तर खाली दोन काडीसारखे पाय.

"आजोबा, हात खाली घ्या," सैनिक हळूच म्हणाला.

हाजींना ते जमेना. विदादने त्यांचे हात धरून खाली आणले.

आमचा बोळ उरला नाही. हाजी त्याच हिवाळ्यात, आम्हाला आसरा दिलेल्या एका शाळेच्या वर्गात वारले. विदाद दुसऱ्या छावणीत शिवणकाम करते, आणि मी अंगणात गंजते.

मित्रांनो, मला तेल घाला किंवा घालू नका. पण पळायची वेळ आली, तर ज्याला चालता येत नाही त्याचे दार आधी ठोठावा. तो नाही म्हणेल. तरी थांबा.